माळावरच्या घरात कोण राहतं

सोमवार, ४ तारीख

ज्यानं ही वही आखली त्याच्या घरात म्हातारं माणूस नसणार. रेघा इतक्या जवळजवळ की मधून मुंगीनंच चालावं. कोण गेले, कुठे गेले, किती वाजता, परत किती वाजता, आणि शेवटी 'शेरा' म्हणून बोटभर जागा. बोटभर जागेत मी काय लिहू? मी बोलायला लागले की शेजारीण स्वयंपाक उरकून परत येते तरी माझं पहिलंच चाललेलं असतं. म्हणून मी ठरवलं, पुढची पानं सरकारची आणि मागची कोरी पानं माझी. महिना संपला की मागची फाडून घेईन. ती कोणाला वाचायला नाहीत.

हे बोलून झालं, आता नमस्कार. कोणाला ते ठाऊक नाही.

वही आणून दिली ती एक पोरगी. गळ्यात पट्टी, पट्टीवर 'प्रगणक'. मी तिला मोजणीवाली म्हणते. म्हणाली, "आजी, गावातली वीस घरं निवडलीत, त्यात तुमचं आहे."

"बक्षीस काय?"

"लिहायचं काम."

दिवसभर घरी मीच असते, म्हणून 'उत्तर देणारी व्यक्ती' या ओळीत तिनं 'आजी' असं लिहून टाकलं. मी चौथीपर्यंत शिकलेय, त्यातलंही निम्मं वर्ष गोवरात गेलं. पण नोंद करायला काय लागतं? घरात माणसं तीन. मुलगा शहरात एका गोदामात खोकी मोजतो, सहा चाळीसच्या बसनं जातो, संध्याकाळी सात दहाच्या बसनं येतो. सून गावच्या दवाखान्यात नर्स आहे, चालत चार मिनिटं. तिसरी मी. मी कुठेही जात नाही. त्या बसमध्ये मी आयुष्यात पाय ठेवलेला नाही आणि शहराचंही माझ्यावाचून काही अडलेलं नाही.

मोजणीवालीला विचारलं, हे सगळं कशाला.

"शहर कुठपर्यंत आहे ते ठरवायचंय."

"वेशीवर एवढी मोठी पाटी आहे की."

"पाटी वेगळी, आजी. आम्ही दोन गोष्टी बघतो. तिथून इथपर्यंत घरं सलग आहेत का, म्हणजे मधे दोनशे मीटरपेक्षा जास्त मोकळं नको. आणि गावात जे कमावतात, त्यातला चारात एक रोज शहरात कामाला जातो का. दोन्ही जुळलं की तुमचं गाव शहरात."

"उचलून नेणार का?"

"गाव इथेच राहतं. मोजताना फक्त तिकडे."

"मग आमचं काय जातं?"

ती पिशवीचा बंद नीट करत बसली. मग म्हणाली, "बाकीचं सगळं त्या मोजण्यावर ठरतं. खेड्यातला दवाखाना खेड्यालाच मिळतो. शहरात गेलात की इथला बंद, आणि माणसं तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात."

सून चहा गाळत होती. गाळणं तसंच धरून उभी राहिली.

बुधवार, ६ तारीख

शेजारच्या शिंपिणीनं हिशेब केला. तिला गावातल्या प्रत्येकाच्या कंबरेचं माप माहीत आहे, तेव्हा कोण कमावतं आणि कोण नुसतं फुगतं हेही माहीत. कमावणारे दोनशे. बसनं जाणारे एकोणपन्नास.

"काकू, एक माणूस वाढला की गेलं गाव," ती म्हणाली, तोंडात टाचण्या धरून.

"टाचण्या काढ आणि बोल. गिळशील, मग तुलाच दवाखाना लागेल."

घरं सलग आहेत का, तो प्रश्न आधीच मिटलाय. गाव आणि शहर यांच्यामध्ये माळ होता, तिथे गेल्या वर्षी कोणीतरी चौदा घरं बांधली. सगळी एकसारखी, एका साच्यातली. तिथे कोणी राहायला आलेलं नाही. पण मोजणीवाली म्हणते, राहतं का ते नंतर, घर उभं असलं की अंतर तुटतं.

म्हणजे आता सगळं एका माणसावर. मी जेवताना मुलाला म्हटलं, तू नोकरी सोड, अठ्ठेचाळीस होतील, निवांत. त्यानं ताटातून मान वर केली नाही. सून हसली. ती क्वचित हसते, आणि माझ्या बोलण्यावर तर त्याहून क्वचित.

शनिवार, ९ तारीख

मुलगा बसवरून आला, दारात वाकला आणि आत आला. आमचं दार त्याच्या डोक्यावर हातभर उंच आहे. मग उजव्या हातानं भिंत चाचपायला लागला.

"काय शोधतोस?"

"बटण."

दिव्याचं बटण डाव्या हाताला आहे. त्याचा जन्म व्हायच्या आधीपासून तिथेच आहे. चाळीस वर्षं हा डाव्या हातानं दिवा लावतोय. मी म्हटलं, गोदामात खोक्यांनी डोकं चेपलं काय?

"सवय, आई."

"कसली सवय? तिथे बटण कधी होतं?"

तो त्या जागेकडे बघत राहिला. भिंतीवर त्या ठिकाणी बोटांचा मळकट डाग पडलाय. म्हणजे हे आजचं नाही. मला दिसलं नाही इतकंच. मोतीबिंदूचं एक बरं असतं, नको ते उशिरा दिसतं.

सोमवार, ११ तारीख

शिंपिणीचा नवराही तसंच करतो. तिनं आपण होऊन सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्यानं खुंटीला डबा अडकवला, आणि खुंटी नव्हतीच, डबा खाली. रोज पडतो. तिला वाटलं पितो. तोंडाचा वास घेऊन पाहिला तर नुसता बसचा वास.

वायरमनला रस्त्यात गाठलं. म्हटलं, धंदा कसा काय. म्हणाला, "जोरात. पंधरा दिवसांत अकरा घरांची बटणं हलवली."

"कुठून कुठे?"

"डावीकडून उजवीकडे. जमिनीपासून चार फूट. सगळ्यांना तिथेच हवंय."

"आणि ही सगळी माणसं बसनं जाणारी?"

त्यानं मनात घरं मोजली. मग पक्कड पिशवीत टाकली आणि म्हणाला, "आजी, मला अजून तीन घरं करायचीत."

आमचं बटण हलणार नाही. मी जिवंत आहे तोवर डावीकडेच.

गुरुवार, १४ तारीख

सुनेला उद्या शहरात जायचंय. दवाखान्यात कसलंसं नवीन यंत्र येणार आहे, ते शिकायला एक दिवस. सहा चाळीसची बस.

मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, "आई, एका दिवसानं पन्नास होत नाहीत. वहीत 'रोज' म्हटलंय."

"मला मोजणीचं सांगू नकोस. मला बसचं कळतं."

"बसमध्ये काय आहे?"

काय आहे ते मला सांगता येईना. मला सांगता येत नाही असं फार वेळा होत नाही. मग मी नेहमीचं केलं, भांडले. तुझ्या माहेरच्यांनी तुला हट्टीपणा तेवढा शिकवला, वगैरे. ती ऐकून घेत डोळ्यांचे थेंब घेऊन आली. रोज संध्याकाळी तीच घालते. अंगठ्यानं पापणी वर धरते, इतकी हलकी की कळत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरला सात जन्मांत जमणार नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

शुक्रवार, १५ तारीख

पुढच्या पानावर लिहिलं: सून. शहर. ६.४०. परत ७.१०.

मी दारातच बसले होते. बस थांबली. मुलगा उतरला, मागून ती. दोघं चालत आली, पावलाला पाऊल. दारापाशी मुलगा वाकला. ती वाकली.

मग तिचा उजवा हात भिंतीवर गेला.

मी काठी आपटली. ती दचकली, डाव्या हातानं दिवा लावला आणि म्हणाली, "काय झालं, आई?"

काही नाही म्हटलं. पाय धू म्हटलं.

रविवार, १७ तारीख

दुपारी ती पलंगाच्या मागच्या भिंतीसमोर उभी होती. विचारलं तर म्हणाली, "इथली खिडकी कुठे गेली?" आणि लगेच, "नाही, नाही, काही नाही." त्या भिंतीपलीकडे शिंपिणीचं न्हाणीघर आहे. खिडकी असती तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी असं म्हटलं, पण ती हसली नाही.

थेंब घातले. अंगठा गार लागला.

सोमवार, १८ तारीख

आज सकाळी माळावर गेले. दोघं कामावर गेल्यावर काठी घेतली आणि निघाले. चालायला अर्धा तास. आता दुपार आहे, पायाला पट्टी बांधून लिहितेय.

चौदा घरं, दोन रांगा. ना कुत्रं, ना वाळत घातलेलं धुणं. सगळी दारं बुटकी. मी पहिल्या चार घरांत डोकावले, रिकामी. पाचव्याचं दार लोटलेलं होतं. आत गेले. बटण उजव्या हाताला, चार फुटांवर. समोर खुंट्या तीन. पलंग, आणि पलंगाच्या मागे खिडकी. खिडकीतून आमचं गाव दिसतं. आमचं दारही दिसतं, नीट बघितलं तर.

जमीन झाडलेली होती. ओट्यावर चहाचे तीन पेले उपडे घातलेले. एकातून पाण्याचा थेंब खाली आला. म्हणजे आताच विसळलेले. मी हाक मारली. कोणी ओ दिली नाही.

खिडकीच्या कट्ट्यावर वही होती. हीच. पिवळ्या पुठ्ठ्याची, त्याच मुंगीच्या रेघा. मी कोणाच्या वस्तूला हात लावत नाही, पण ही उघडली. चार तारखेपासून लिहिलेली. मुलगा, शहर, ६.४०, परत ७.१०. खाली सून, शहर, ६.४०, परत ७.१०. रोज. सून रोज शहरात. माझी सून चालत गावच्या दवाखान्यात जाते, आणि त्या वहीत ती रोज बस धरते. खाली, आजी, कुठे नाही. उत्तर देणारी व्यक्ती, आजी.

अक्षर माझ्यासारखंच वाकडं. त्यात नवल नाही, चौथीपर्यंत शिकलेल्या सगळ्यांचं असंच असतं.

मला राग आला तो शेऱ्याच्या रकान्याचा. रोज दोनच शब्द, बोटभर जागेत मावतील असे: सर्व ठीक. असं कोण लिहितं? एवढं कमी बोलणारी बाई मी तरी पाहिलेली नाही.

येताना दारात डोकं आपटलं.

बुधवार, २० तारीख

मोजणीवाली आली. मी तिला बसूही दिलं नाही. म्हटलं, माळावरच्या पाचव्या घरात कोण राहतं?

तिनं पिशवीतून यादी काढली, बोट फिरवलं, आणि बोट थांबलं. "आजी, मी तेच विचारायला आलेय. तिथलीही वही आमच्याकडे आहे. तीच तीन माणसं. त्याच जन्मतारखा. ऑफिसात गोंधळ झालाय. एक माणूस दोन घरांत झोपू शकत नाही."

"तिथे कोणी झोपत नाही. घर रिकामं आहे."

"रिकामं कसं? वही मीच नेऊन दिली. आजींनी घेतली."

"कोणत्या आजींनी?"

ती माझ्याकडे बघून हसली, मग हसू ओठांवरच राहिलं. "तुमच्यासारख्याच दिसतात. मला वाटलं बहीण असेल. पण स्वभाव अगदी वेगळा. फार गोड बोलतात. चहा पाजला, डोक्यावरून हात फिरवला."

मला बहीण नाही. आणि मी कोणाच्या डोक्यावरून हात फिरवत नाही, केस तेलकट असतात.

मग तिनं सांगितलं ते असं. पुढच्या बुधवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी दहा वाजता तपासणी. दोन साहेब येणार, एक या दारावर, एक त्या दारावर, एकाच वेळी. तीनदा दार वाजवणार. जिथे दार उघडेल आणि उत्तर मिळेल, ते घर खरं. दुसऱ्या वहीवर काट.

"आणि दोन्हीकडे उघडलं तर?"

"तर जिथे आजी असतील ते. वहीत उत्तर देणारी व्यक्ती त्या आहेत."

"आणि तिकडचं खरं ठरलं तर सून शहरात जाते असं होईल. पन्नास."

"हो," ती म्हणाली. पोरगी वाईट नाही. म्हणाली, "आजी, तुम्ही त्या दिवशी घरी असा म्हणजे झालं."

शुक्रवार, २२ तारीख

मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, ऑफिसातली चूक असेल. दोन वह्या छापल्या असतील."

"आणि बटण?"

"कुठलं बटण?"

हा माझा मुलगा. नऊ महिने पोटात, दोन वर्षं कडेवर, आणि आता माझ्याशी बोलताना पलंगामागच्या भिंतीत नसलेल्या खिडकीतून बाहेर बघतो.

दुपारी परत माळावर गेले. विचार असा की बाहेरून कुलूप घालावं, म्हणजे त्या घराचं दार उघडणारच नाही, आणि मी आपल्या घरी बसेन. कुलूप नेलं होतं, जुनं, पितळी, माझ्या मुठीएवढं. पण त्या दाराला बाहेरून कडीच नाही. चौदाही घरांना नाही. कडी फक्त आतून.

म्हणजे ते दार बंद ठेवायचं तर कोणीतरी आत बसायला हवं.

पेले विसळलेले होते. ओट्यावर टेकले थोडी. जागा हवेशीर आहे, तेवढं कबूल करायला हवं.

सोमवार, २५ तारीख

सर्व ठीक.

मंगळवार, २६ तारीख

ठरवलं ते लिहून ठेवते.

उद्या मुलगा कामावर जाईल, त्याचा उपयोग नाही. सुनेनं रजा घेतलीय. इथलं दार तिनं उघडायचं. माळावरच्या घरात मी जाऊन बसणार, आतून कडी लावून. साहेबानं तीनदा नाही, तीनशेदा वाजवलं तरी मी उघडणार नाही. ती गोडबोली आली तर तिला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. तिला म्हणावं, आधी मला ओलांड.

सुनेला सांगितलं तर म्हणाली, "आई, तुम्ही इथे थांबा, मी तिकडे बसते."

"तू अजिबात नाही. तू बसमध्ये बसून आलीस, तुला त्या घराची ओढ लागलीय. गेलीस की पदर खोचून पेले विसळायला लागशील. मी कधी शहरात गेले नाही. मला त्या घराची सवय नाही."

"पण मोजणीवाली म्हणाली, तुम्ही जिथे असाल ते घर खरं."

"दार उघडलं तर. मी उघडणारच नाही. आत आहे की नाही कोणाला कळणार?"

हिला शिक्षण आहे, पण डावपेच नाहीत.

मग तिची तयारी करून घेतली. मी साहेब झाले, काठी काखेत धरली, दार वाजवलं. "बाई, तुम्ही राहता कुठे?"

"इथे," ती म्हणाली, आणि हात केला माळाकडे.

मी म्हटलं, बघ हात कुठे जातोय. तिनं बघितलं आणि हात ओढून घेतला. परत विचारलं. "इथे." परत हात तिकडेच, थोडा खाली. तिसऱ्या वेळेला मी तिचा हात धरून ठेवला आणि विचारलं. "इथे, आई. मी इथे राहते, इथल्या दवाखान्यात काम करते, चालत जाते." मग रडायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, साहेबासमोर नाक लाल दिसेल. हात मात्र सोडला नाही, कारण काठीशिवाय उभं राहायला मला आधार लागतो.

थेंब घातले. तिचा अंगठा आज पहिल्यासारखा होता.

आज न्हाणीघरात जाताना दोनदा वाकले. पाठ धरलीय, दुसरं काही नाही. माळावरचा वारा लागला असेल. शिंपीण म्हणते, काकू, दोन दिवस झाले तुम्ही मला काही टाकून बोलला नाहीत, बरं आहे ना? बरं आहे म्हटलं. तिच्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. केस कोरडे होते.

बुधवार, २७ तारीख

नऊला दहा कमी. पोचायला अर्धा तास, म्हणून आता निघते. पाणी भरून ठेवलंय. सून न्हाणीघरात आहे, तिच्यासाठी ही वही पलंगावर उघडी ठेवते. मागची पानं फाडायला वेळ नाही. वाच, पण चेष्टा करू नकोस.

मुलगा सकाळी बसनं गेला. पुढच्या पानावर तसं लिहिलंय. तुझ्या ओळीत लिहिलंय 'दवाखाना, चालत', तारीख घालून, म्हणजे रजा असली तरी रोजचं काय ते साहेबाला दिसेल. खाडाखोड केली तर साहेबाला संशय येईल, म्हणून शेऱ्याची जागा तशीच कोरी ठेव.

सूनबाई, आता नीट ऐक. दार वाजलं की तू उघडायचं आणि तूच उत्तर द्यायचं. शिंपिणीला मधे तोंड घालू देऊ नकोस. आजी कुठे आहेत विचारलं तर आजारी आहेत म्हण. साहेब गेला की मी कडी काढून परत येईन. माझा पाय दुखत असेल, तेव्हा मी फाटकापासूनच ओरडत येईन, तुला दोन शब्द वाईट बोलेन, चहा पाणचट झाला म्हणेन. ती मी. तिच्याआधी दुसरी कोणी आली, माझंच लुगडं, माझीच काठी, आणि तुला बाळ म्हणाली, दमलीस का म्हणाली, तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, तर तिला बसायला दे, पाणी दे, पण साहेब दारात असेल तर तिला बोलू देऊ नकोस. तिनं तोंड उघडायच्या आत तू बोल. या घरातल्या माणसांबद्दल कोणीही काहीही विचारलं तरी उत्तर तूच द्यायचं, आणि हात कुठेही करायचा नाही.